अहवाल इंग्रजीत, संकोच मराठीत

पुणे, प्रतिनिधी

हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपनी असो वा चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनविणारा कारखाना, कामाच्या दिवसाची अखेर अनेकदा परदेशी ग्राहकाला धाडायच्या इंग्रजी अहवालाने होते. काम दोन आठवडे लांबणार, हे लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक असते. अहवालात मात्र आधी प्रकल्पाची पार्श्वभूमी येते, मग पूर्ण झालेल्या कामांची यादी, आणि अगदी शेवटी 'उर्वरित बाबींवर प्रयत्न सुरू आहेत' असे एक वाक्य. पुण्यातील वरिष्ठाला त्याचा अर्थ बरोबर उमगतो. जर्मनीतील ग्राहक मात्र काम वेळेवर होणार, असे समजून निर्धास्त राहतो. पुढे वाद झाला की दोष इंग्रजीच्या माथी मारला जातो.

हे निदान आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. त्या वर्षी पाटी-दप्तर घेऊन बसलेली मुले आज तिशीत असून अनेक कार्यालयांचा भार त्यांच्याच खांद्यावर आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यानंतर तर व्याकरणाच्या चुका यंत्रही दुरुस्त करून देऊ लागले. तरीही गैरसमज टळत नाहीत, कारण अडचण व्याकरणाची नसून सांगण्याच्या रीतीची आहे. मोघम वाक्य यंत्राच्या हाती दिले, तर ते अधिक सफाईदार मोघम वाक्य होऊन परत येते.

न बोललेले शब्द

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये 'बियाँड कल्चर' या ग्रंथात या रीतींचा भेद मांडला. काही समाजांत शब्दांइतकेच प्रसंग, नाते आणि मौनही बोलते. काही समाजांत शब्दांत मांडले तेवढेच खरे मानले जाते. जपान पहिल्या प्रकारात मोडतो, जर्मनी दुसऱ्या. आपली कार्यालये बरीचशी पहिल्या प्रकारात बसतात. 'बघतो', 'प्रयत्न करतो' यांतील नकार आपल्याला सांगावा लागत नाही. परदेशी माणसाला तो ऐकूच येत नाही.

या न ऐकू आलेल्या शब्दांची किंमत किती जबर असू शकते, हे २५ जानेवारी १९९० रोजी दिसले. कोलंबियातील एव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले आणि ७३ जण मृत्युमुखी पडले. आणीबाणी असल्याचे कळविण्यास वैमानिकाने सहवैमानिकाला सांगितले होते. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंधन संपत आल्याचे कळविले. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र अखेरपर्यंत उच्चारला गेला नाही. नियंत्रकांना प्रसंगाचे गांभीर्य उमगले नाही. इंग्रजी येत नव्हते असे नव्हे. नेमका शब्द, नेमक्या वेळी आला नाही.

इंग्रजी मातृभाषा असूनही

हा दोष केवळ परभाषकांचा नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना त्याच्या पंखावर आदळलेल्या फेसाच्या तुकड्याविषयी अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण केले. एका पारदर्शिकेचा मथळा दिलासा देणारा होता. हा तुकडा चाचण्यांतील तुकड्यांहून शेकडो पटींनी मोठा असल्याचे त्याच पारदर्शिकेवरील अगदी तळाच्या ओळींतून निघत होते. १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात या मांडणीवर बोट ठेवले आणि एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणाचा आधार घेतला. जिवावरचे संकट त्या पारदर्शिकेवरून वरिष्ठाच्या ध्यानात न येणे सहज शक्य होते, असा मंडळाचा निष्कर्ष होता.

उपाय साधे, पण…

नमनालाच घडाभर तेल न घालता निष्कर्ष पहिल्या दोन ओळींत देणे, ही पहिली शिस्त. पारदर्शिकेच्या मथळ्यातही विषयाऐवजी निष्कर्षच असावा. '०४/०७' ही तारीख अमेरिकेत ७ एप्रिल ठरते, तर आपल्याकडे ४ जुलै. म्हणून महिना अक्षरी लिहिणे बरे. लाख-कोटींचे मिलियनमध्ये रूपांतर करावे. 'डू द नीडफुल' या शब्दप्रयोगातून कोणी, काय, केव्हा करायचे, याचा बोध होत नाही. आपला 'डाउट' म्हणजे शंका. अमेरिकी श्रोत्याला त्यात अविश्वास दिसतो. उलट बाजूनेही बेसबॉलमधील वाक्प्रचार आवरते घ्यावेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

अर्थात एकच साचा सर्वत्र चालणार नाही. जपानी कंपन्यांत बैठकीपूर्वी संबंधितांशी स्वतंत्रपणे बोलून सहमती घडविण्याची पद्धत रूढ आहे. तिला 'नेमावाशी' म्हणतात. तेथे वाईट बातमी प्रथमच भर सभेत जाहीर करणे हा आगाऊपणा ठरतो. ती आधी खासगीत, पण स्पष्टच सांगावी लागते. रीत बदलते, स्पष्टतेची गरज बदलत नाही.

खरी मेख मात्र पुढेच आहे. अहवाललेखनाच्या वर्गाला कंपन्या कनिष्ठांना धाडतात. 'काम वेळेत होणार नाही' हे त्यांनी लिहिलेले वाक्य खोडणारी लेखणी बहुधा वरिष्ठाची असते. असे एक-दोनदा घडले की कनिष्ठ ते वाक्य लिहिणेच सोडून देतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. परदेशी ग्राहक दुरावल्यावर तिचा प्रत्यय येण्याऐवजी या प्रशिक्षणाचा पहिला तास वरिष्ठांच्या दालनात घ्यायला काय हरकत आहे?