डोळस सराव

कोणताही खेळ मुळात चांगला किंवा वाईट नसतो. तो ज्या रीतीने खेळला जातो, त्या रीतीवर त्याची योग्यता ठरते. संगणकावरील मोटारशर्यतीविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.” मुले म्हणतात, “आम्ही मोटार चालवावयास शिकत आहोत.” माझ्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. हा खेळ वेळ खातो, तसाच तो पुष्कळ शिकवितोही. त्याने शिकवावे की केवळ वेळ खावा, हे खेळणाऱ्याच्या सरावावर आणि त्याला लाभलेल्या सोबतीवर अवलंबून असते.

प्रथम या खेळाचे स्वरूप पाहू. याला सिम रेसिंग असे म्हणतात. खेळाडू खुर्चीत बसतो. त्याच्या हाती खऱ्या मोटारीत असते तसे स्टिअरिंग असते, पायाखाली ब्रेकचे आणि वेग वाढविण्याचे पेडल असते, आणि समोरच्या पडद्यावर शर्यतीचा मार्ग उलगडत जातो. मोटारीचे वजन, टायरची जमिनीवरील पकड, रस्त्याचा चढउतार या सर्वांचे गणित संगणक क्षणोक्षणी करीत असतो. चालकाचा अंदाज चुकला, की पडद्यावरील मोटार खऱ्या मोटारीसारखीच घसरते.

खऱ्या वाहनाचे शिक्षण खोट्या वाहनावर द्यावे, ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा वाद्ये तयार करण्याचा कारखाना होता. तेथील हवेच्या भात्यांचा उपयोग करून लिंकने १९२९ साली विमानासारखी हलणारी, पण जमीन न सोडणारी एक पेटी तयार केली. आरंभी लोकांना ते जत्रेतील खेळणे वाटले. पुढे १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवेत अमेरिकेच्या सैन्यातील अनेक वैमानिकांचे बळी गेले, तेव्हा त्या खेळण्याचे मोल ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा दहा हजारांहून अधिक पेट्या वापरात आल्या आणि लक्षावधी वैमानिक त्यांवर शिकले. जेथे चूक केली तरी प्राण जात नाही, तेथे चूक करून शिकावे, हा त्यातील विचार आहे. सिम रेसिंग हे त्याच घराण्यातील लहान भावंड म्हणावयास हरकत नाही.

आता या खेळात नवशिका काय करतो ते पाहा. त्याला वाटते, शर्यत म्हणजे वेग. तेव्हा वेग जितका उशिरा कमी करू तितके बरे. म्हणून तो वळण अगदी जवळ येईपर्यंत ब्रेक दाबीत नाही. मग एकाच वेळी ब्रेकही दाबतो आणि स्टिअरिंगही वळवितो. मोटार वळत नाही. तो स्टिअरिंग आणखी वळवितो. मोटार सरळच घसरत मार्गाबाहेर जाते.

असे का होते? टायरची पकड मर्यादित असते. बैलाच्या अंगात जितके बळ आहे तितकेच तो ओढील. त्या बळाचे दोन वाटे केले, तर प्रत्येक वाट्याला कमीच येईल. टायरचेही तसेच आहे. पकड ब्रेकने खर्च केली, की वळावयास ती उरत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला, की तेच वळण घेण्यास चौपट पकड लागते. म्हणून जाणता चालक वळणापूर्वी सरळ मार्गावरच वेग उतरवितो, शांतपणे वळणात शिरतो आणि बाहेर पडताना वेग वाढवितो. वळणात शिरताना त्याचे थोडे नुकसान होते खरे; परंतु बाहेर पडताना मिळालेला वेग त्याला पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर उपयोगी पडतो. संयमाने गती वाढते, हा धडा पडद्यावरील मोटारही देऊ शकते.

परंतु हा धडा नवशिक्याला आपोआप मिळतो काय? मला तसे वाटत नाही. तो शंभर फेऱ्या मारील, आणि शंभर वेळा त्याच वळणावर उशिरा ब्रेक दाबील. त्याला वाटेल, मी सराव करीत आहे. वास्तविक तो आपल्या चुकीचा सराव करीत असतो! सरावाने जे बळकट होते ते चांगलेच असेल, असे नाही. वाकडे अक्षर रोज दोन पाने लिहिले, तर वाकडेपणाच पक्का होतो. सराव डोळस हवा. आणि आपली चूक आपल्याला क्वचितच दिसते. स्वतःची पाठ पाहण्यास जसा आरसा लागतो, तसे स्वतःचा दोष पाहण्यास दुसऱ्याचे डोळे लागतात.

या खेळाची मला विशेष आवडणारी गोष्ट ती हीच. चालकाने ब्रेक कोठे दाबला, किती जोराने दाबला, कोणत्या क्षणी सोडला, याची नोंद संगणक ठेवतो. अनुभवी खेळाडू नवशिक्याची नोंद आपल्या नोंदीशेजारी ठेवून सांगतो, “हे पाहा, या वळणाला तू माझ्याहून वीस मीटर पुढे जाऊन ब्रेक दाबतोस.” काही खेळांत जाणत्या चालकाची मोटार छायेसारखी आपल्यापुढे धावते आणि तिच्या मागोमाग जात मार्ग शिकता येतो. देशोदेशीचे खेळाडू एकमेकांना असे साह्य करतात, आणि तेही बहुधा मोबदला न घेता. ज्याला काल कोणी शिकविले, तो आज दुसऱ्याला शिकवितो.

आपल्या मातीला ही रीत नवी नाही. तालमीत वस्ताद असतो, तसे जोडीदारही असतात. जोडीदाराशिवाय पेच पक्का होत नाही. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. त्यांचा सराव मातीतला. तेथे कुस्ती होती गादीवर. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केले. त्या वेळी खाशाबांना सहावे स्थान मिळाले. पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. हेलसिंकीच्या प्रवासाला पैसे हवे होते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मेहनत एकट्याची होती, पण तिच्यामागे कितीतरी हात होते.

दूर कशाला? आपल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तेथील अविनाश साबळे सैन्यात दाखल झाला. तेथे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याच्यातील धावपटू ओळखला. तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीत त्याने २०१८ साली ८ मिनिटे २९.८० सेकंद एवढी वेळ नोंदवून ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. मग तो आपलाच विक्रम पुनःपुन्हा मोडीत गेला आणि २०२४ साली पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. वीस सेकंदांहून थोडे कमी एवढे हे अंतर काटावयास जवळजवळ सहा वर्षे लागली. ज्यांना एका सुटीत निष्णात व्हावयाचे असते, त्यांनी हे आकडे जरूर आठवावेत.

येथे कोणी विचारील, “मी माझी युक्ती दुसऱ्याला सांगितली, तर तो माझ्यापुढे जाणार नाही काय?” जाईल, कदाचित जाईलही. परंतु जो आपल्याहून मंद आहे, त्याला हरवून आपण कधी वेगवान होत नाही. प्रतिस्पर्धी तयार झाला, की आपल्यालाही कंबर कसावी लागते. शिवाय दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्या मनातील गोंधळ आपल्याच ध्यानी येतो. विद्या दिल्याने वाढते असे आपण शाळेत नेहमी म्हणतो. तिचा पडताळा घ्यावयाचा असेल, तर गणितातील एखादे उदाहरण शेजाऱ्याला समजावून सांगून पाहा.

साह्य घेण्याचीही एक रीत असते. “मी मागे का पडतो?” असे मोघम विचारणाऱ्याला मोघम उत्तर मिळते. “तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना माझी मोटार मागून घसरते, ते का?” असे विचारणाऱ्याला नेमके उत्तर मिळते. चूक दाखविणाऱ्यावर रुसू नये. आणि चूक दाखविताना हसू नये. हसण्याने शिकणारा गप्प बसतो आणि त्याची चूक तशीच राहते.

या खेळातील कौशल्य खऱ्या मोटारीत उपयोगी पडते काय? पडते. २००८ साली स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ हा विद्यार्थी पडद्यावरील शर्यतींतून निवडला गेला आणि २०११ साली फ्रान्समधील ले माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या गटात दुसरे स्थान मिळविले. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ साली याच मार्गाने पुढे आला. पण त्याचीच दुसरी हकीकतही ऐकावी. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील नूरबर्गरिंग येथे शर्यतीत त्याची मोटार हवेत उचलली गेली, कुंपण ओलांडून गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. पडद्यावर अपघात झाला की कळ दाबून पुन्हा आरंभ करता येतो. रस्त्यावर तशी कळ नाही.

हे वाक्य मुलांनी मनावर कोरून ठेवावे, असे मला कळकळीने वाटते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. चालक दचकून ब्रेककडे पाय नेईपर्यंत ती एवढे अंतर सहज कापते. गेवराईवरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गावर मालमोटारी असतात, उसाच्या गाड्या असतात, शाळेत जाणारी मुलेही असतात. तेथे शर्यतीचा मार्ग शोधावयाचा नसतो. आपली डावी बाजू धरून दुसऱ्याला जपावयाचे असते. मोटार चालविण्याचा परवाना वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे त्याच्या पालकाला अथवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पडद्यावर कितीही शर्यती जिंकल्या, तरी घरातील मोटारीच्या किल्लीला हात लावण्याचा अधिकार त्यातून येत नाही.

आणखी दोन पथ्ये सांगतो. खेळाला वेळेची मर्यादा असावी. थकलेल्या डोळ्यांनी केलेला सराव डोळस राहत नाही. आणि अनोळखी माणसाशी बोलणे आईवडिलांच्या माहितीनेच व्हावे. साह्य करणारे पुष्कळ असतात, म्हणून सर्वच तसे असतात असे समजू नये. कोणी घराचा पत्ता किंवा पैसे मागू लागला, तर तो साह्यकर्ता नव्हे.

तलवाड्यातील कित्येक मुले म्हणतील, “गुरुजी, स्टिअरिंग आणि पेडल यांचा संच आमच्या घरी नाही.” खरे आहे. तो महाग असतो आणि सर्वांना परवडत नाही. पण मी जे सांगत आहे त्यास संच लागत नाही. आपल्या गावच्या देवीचे नाव त्वरिता. या शब्दाचा अर्थच मुळी शीघ्र, वेगवती असा आहे. अशा गावच्या मुलांना वेगाची ओढ असावी, यात नवल नाही. मात्र त्यांनी वेगाची वाट ओळखावी. धावण्याचा सराव करावयाचा असेल, तर एकाने धावावे, एकाने वेळ मोजावी आणि एकाने पावले पाहावीत. मग पाळी बदलावी. अक्षर सुधारावयाचे असेल, तर वह्या अदलाबदल करून प्रत्येकाने दुसऱ्याचे एकच अक्षर निवडावे आणि आठवडाभर तेवढेच सुधारावे. आठ दिवसांनी जुने पान काढून नव्याशी ताडून पाहावे. खेळाडू मोटारीच्या नोंदी ताडून पाहतो, तसेच हे.

एका वेळी एकच चूक निवडणे, ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे, धीराने सुधारणे आणि आपल्याला जे साधले ते मागून येणाऱ्याच्या हाती देणे, याला मी सराव म्हणतो. ज्या मुलाला ही सवय लागली, त्याने संगणकावरील शर्यतीत घालविलेला तासही वाया गेला, असे मी म्हणणार नाही. आणि ज्याला ती लागली नाही, त्याने पुस्तकापुढे बसून घालविलेल्या तासाचीही मला खात्री देता येणार नाही.