नदी-क्रूझच्या प्रवासात किनाऱ्यावरचा मुक्काम निर्णायक

नवी दिल्ली : पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १३ जानेवारी २०२३ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे ‘एमव्ही गंगा विलास’ या जहाजाला वाराणसी येथून हिरवा झेंडा दाखवला आणि भारतातील नदी-पर्यटनाची चर्चा जगभर सुरू झाली. तीन मजले, १८ दालने आणि ३६ प्रवाशांची क्षमता असलेल्या या जहाजाचा वाराणसी ते दिब्रुगड हा सुमारे ३,२०० किलोमीटरचा कार्यक्रम ५१ दिवसांचा होता. पाठोपाठ ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले. पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले आहे. या सर्व चर्चेत जहाज, धक्का आणि जलमार्ग यांचा विचार होतो. जहाजावर चढण्यापूर्वीच्या आणि उतरल्यानंतरच्या रात्रीचा मात्र फारसा होत नाही. प्रवास सुरळीत होणार की बिघडणार, हे अनेकदा त्या रात्रींवरच ठरते.

गंगा व ब्रह्मपुत्रेवरील पर्यटनाचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. याच हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर व जानेवारीत, उत्तर भारतात दाट धुके पडते. दिल्ली, लखनौ, वाराणसी येथील विमाने तासन् तास रखडतात, तर काही रद्द होतात. गाड्याही उशिरा धावतात. मुंबई, पुणे, नागपूर किंवा इंदूरहून त्याच दिवशी सकाळी निघून दुपारी जहाज गाठण्याचा बेत अशा वेळी धोक्याचा ठरतो. वाराणसीचे विमानतळ बाबतपूर येथे, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तेथून धक्क्यापर्यंत पोहोचण्यास गर्दीच्या रस्त्यांवर बराच वेळ लागतो.

येथे प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही, तर पैशांचाही आहे. खराब हवामानामुळे विमान रद्द झाल्यास कंपनीने तिकिटाचा परतावा किंवा पर्यायी विमान देणे अपेक्षित असते. नुकसानभरपाईचे बंधन मात्र तिच्यावर नसते. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास, प्रवास न करणाऱ्या प्रवाशाला मुदतीत अर्ज केल्यावर रेल्वे भाडे परत करते. दोन्ही प्रसंगी परत मिळते ते तिकिटाचे मूल्य. जहाज सुटून गेले, तर क्रूझचे भाडे या परताव्यात येत नाही. विमान आणि क्रूझ यांचे आरक्षण वेगवेगळे केलेले असल्यास मधल्या उशिराची जोखीम बहुतांशी प्रवाशाच्याच माथी येते. त्यामुळे आदल्या दिवशी पोहोचून केलेला एक मुक्काम, आणि धुक्याच्या दिवसांत दोन, ही चैन नसून संपूर्ण भाड्याचे संरक्षण आहे.

परतीच्या मुक्कामाचे गणित वेगळे आहे. जाताना प्रवासी उशिरा पोहोचण्याची भीती असते, तर येताना जहाजच उशिरा पोहोचण्याची. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ आणि सदिया ते धुब्री हा ८९१ किलोमीटरचा क्रमांक २, या दोन्हींवर गाळ व वाळूची बेटे जागा बदलत राहतात. कोरड्या महिन्यांत पाणी उतरते. पर्यटक जहाजे बहुधा दिवसाच चालतात आणि रात्री नांगर टाकतात. सकाळचे धुके न विरल्यास त्या दिवसाचे अंतर कमी पडते. जानेवारी २०२३ मध्ये बिहारमधील छपऱ्याजवळ ‘गंगा विलास’ अडकल्याच्या बातम्या आल्या होत्या. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने त्या फेटाळून जहाज वेळापत्रकानुसार जात असल्याचे स्पष्ट केले. मात्र नदीची खोली हा किती नाजूक विषय आहे, हे त्यातून दिसले.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. जर्मनीत २०१८ आणि २०२२ मध्ये ऱ्हाईनचे पाणी कमालीचे खाली गेले, तेव्हा अनेक क्रूझचे मार्ग बदलावे लागले आणि प्रवाशांना काही टप्पे बसने पार करावे लागले. म्हणून परतीच्या वेळी रात्रींच्या संख्येपेक्षा आरक्षणातील लवचिकता अधिक मोलाची ठरते. ऐनवेळी बदलता किंवा रद्द करता येणारी खोली आणि उतरण्याच्या दुसऱ्या दिवशीचे विमान हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. शिवाय जहाज सहसा सकाळी न्याहारीनंतर रिकामे करावे लागते, तर हॉटेलची खोली दुपारी मिळते. मधल्या वेळेत सामान कोठे ठेवायचे, हेही आधीच विचारून ठेवावे लागते.

खर्चाचा विचार करता, २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मात्र वाराणसीत देवदिवाळीसारख्या सणाला खोल्या मिळणे कठीण होते आणि दरही चढतात. दिब्रुगड किंवा जोरहाटसारख्या शहरांत पर्यायच मोजके असतात. तेथे क्रूझच्या तारखेबरोबरच मुक्कामाची तारीख निश्चित करणे शहाणपणाचे ठरते.

या मुक्कामांना दुसरीही बाजू आहे. क्रूझच्या भाड्यात बहुधा जेवण, निवास आणि सहली समाविष्ट असतात; त्यामुळे प्रवाशाचा किनाऱ्यावरील स्वतंत्र खर्च मर्यादित राहतो. शहरात काढलेल्या रात्रीतून मात्र नावाडी, रिक्षाचालक, विणकर, खाणावळी यांच्या हाती थेट पैसा पडतो. नदी-पर्यटनाचा लाभ काठावरच्या गावांपर्यंत पोहोचवायचा असेल, तर धक्क्यांइतकेच लक्ष निवासव्यवस्थेकडे द्यावे लागेल. क्रूझ कंपन्यांनी आधीची रात्र आपल्याच कार्यक्रमात घेतली, तर प्रवासी वेळेवर जहाजावर पोहोचेल आणि उशिराचा भार एकट्या त्याच्यावर पडणार नाही. प्रवासी दुप्पट करण्याच्या उद्दिष्टाची कसोटी पाण्याइतकीच किनाऱ्यावरही लागणार आहे.