हौसेच्या हाती करवत नको

कॅफे रेसर हे मूळचे काटकसरीचे अपत्य. १९५० व १९६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेवर जमणारे तरुण आपल्याच मोटारसायकलचे वजन उतरवून वेग साधीत. आज त्याच हौसेपायी जुन्या जपानी गाड्यांच्या फ्रेमवर करवत चालते. १९६९ ची होंडा सीबी ७५० पुन्हा निर्माण व्हावयाची नाही. तिची फ्रेम कापणे हा भांडवलाचा कायमचा क्षय होय. तेव्हा विपुल खपलेले, सुटे भाग मिळणारे मॉडेल निवडावे. पैसा आधी ब्रेक, टायर व वायरिंगवर खर्चावा. हँडल, सीट बदलल्यास मूळचे भाग जपून ठेवावेत. हौसेला मोल नाही, हे खरे. परंतु जे पुन्हा जोडता येईल तेवढेच सुटे करावे, हे हौशी माणसाने विसरू नये.