समोरच्याचे डोळे

कात्रजच्या घाटातून रात्री आठ-नऊच्या सुमारास पुण्याकडे उतरणाऱ्या, किंवा कर्वे रस्त्यावरून दुचाकीने घरी परतणाऱ्या माणसास विचारावे. या शहरात अंधारापेक्षा प्रकाशाचेच भय अधिक झाले आहे, असे तो सांगेल. समोरून मोटार येते, तिचे पांढरेशुभ्र दिवे डोळ्यांत घुसतात, आणि पुढील दोन-तीन क्षण खड्डा, दुभाजक, रस्ता ओलांडणारी म्हातारी यांपैकी काहीच दिसत नाही. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्यांचे तर विचारूच नये. मोटार हाकणारे गृहस्थ मात्र निश्चिंत असतात. आपण ‘अप्पर’ लावलेला नाही, ‘डिपर’च आहे, असे ते प्रामाणिकपणे सांगतात, आणि ते खरेही असते. खोड दिव्याच्या आत आहे.

ती समजून घेण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. (आम्ही पूर्वी मास्तरकी केली, पण ती भाषेची.) जुन्या हॅलोजन बल्बात दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली रस्त्याकडे वळतो. परावर्तकाची सारी वक्रता त्या तारेची जागा गृहीत धरून आखलेली असते. तिच्या जागी भलत्याच जाडीचा एलईडी बल्ब खोचला, की हिशेब चुकतो आणि प्रकाश वाटेल तिकडे फाकतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डिपरच्या झोताची कड डावीकडे किंचित उचललेली असते. उजवीकडून चालण्याची रीत असलेल्या देशांसाठी घडविलेला दिवा येथे बसविला, तर तीच कड समोरच्याच्या डोळ्यांवर जाते.

शहराबाहेरचे रस्ते काळोखे आहेत, खड्डे दिसत नाहीत, मग आम्ही काय करावे, असे कोणी म्हणेल. तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर महापालिकेने व महामार्ग खात्याने द्यावयास हवे. परंतु फाकलेल्या प्रकाशाने चालकाचेही भले होत नाही. बॉनेटपुढची जमीन लखलखते, डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि दूरचे उलट कमीच दिसते. पैसे मोजून घेतलेला हा आंधळेपणा आहे.

दोष बहुधा तासाभरात कळतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर मोटार उभी करावी, चाकांत हवा पुरेशी असावी, चालक आसनावर बसलेला असावा. डिपरच्या झोताची वरची कड भिंतीवर स्पष्ट उमटली पाहिजे आणि ती दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली असली पाहिजे. कड उमटते पण वर आहे, तर दिव्यामागील स्क्रू फिरवून ती खाली आणता येते. कड वाकडी आहे, तर बल्ब खोबणीत तिरका बसला असेल. तो फिरवून पाहावा. कडच उमटत नाही, नुसता पांढरा पसारा दिसतो, तर स्क्रूचा काही उपयोग नाही. जुना हॅलोजन बल्ब परत बसवावा, किंवा त्याच गाडीसाठी प्रमाणित केलेला अख्खा दिवा घ्यावा. नाना पेठेत बल्ब विकणाऱ्यांनी ‘साहेब, दिवसासारखा उजेड पडेल’ एवढेच न सांगता गाडी भिंतीसमोर उभी करून दाखवावी, अशी अपेक्षा फार मोठी नाही.

कायदा अपुरा आहे असेही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम ८ मीटरवरील माणसाचे डोळे दिपू नयेत, असे मोजमापासह सांगतो. वाहनात मनमानी फेरफार करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अडचण तपासणीची आहे. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली, की १५ वर्षे तिचे दिवे कोणी अधिकारी पाहत नाही. धुराच्या तपासणीसाठी मात्र तीच मोटार पीयूसी केंद्रावर वर्षातून एकदा तरी उभी राहते. त्या केंद्राच्या भिंतीवर दोन रेघा आखून डिपर लावावयास सांगण्याचे काम परिवहन खात्याने पुण्यापासूनच सुरू करावे, आणि तेही येत्या पावसाळ्याच्या आत. ओल्या डांबरावर हा प्रकाश दुप्पट बोचतो.