कॉमर्सचे गणित आपल्या घरचेच आहे

एफ.वाय.बी.कॉम.चे निकाल लागले की अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांचे चेहरे पाहूनच आम्हाला विषय कळतो. अकाउंट्समध्ये पास, इकॉनॉमिक्समध्ये पास, कॉमर्समध्ये पास आणि मॅथ्समध्ये केटी. एक केटी लागली म्हणून आभाळ कोसळत नाही. परीक्षा पुन्हा देता येते. परंतु आपल्या घरांत केटीचा अर्थ वेगळा लावला जातो. "पोराला झेपत नाही तर फी कशाला भरायची? लावा कुठेतरी कामाला." दोन-चार दिवसांत निर्णय होतो आणि पहिल्या वर्षाला बसलेला मुलगा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दिसत नाही. मुलगी असेल तर पाहुणे बघायला सुरुवात होते. म्हणून या खेपेस या एकाच विषयाबद्दल वाचकांशी, त्यातही आईवडिलांशी बोलावयाचे आहे.

मुंबई विद्यापीठात आम्ही शिकलो तेव्हापासून हा विषय मुलांना छळतो आहे. त्याचे लांबलचक नाव 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स'. नावानेच निम्मी मुले गार होतात. २०२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजांत विषयांची नावे व मांडणी बदलली आहे, तेव्हा आपल्या कॉलेजात नेमके काय आहे ते माहितीपत्रकात पाहावे. पण व्याज, हप्ते, शेअर, सरासरी, निर्देशांक या गोष्टी कॉमर्सच्या गणितातून कुठे जाणार?

मुले नापास का होतात? डोके नाही म्हणून, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आपली पुष्कळ मुले अकरावीला गणिताऐवजी एस.पी. घेतात. म्हणजे दहावीनंतर दोन वर्षे गणिताच्या वहीशी संबंध नाही. त्यात दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत आणि कॉलेजात सगळे इंग्रजीत. 'मुद्दल' म्हटले तर ज्याला कळते, तो 'प्रिन्सिपल' म्हटले की कॉलेजचे प्राचार्य आठवतो. दर्शनी किंमत त्याला ठाऊक असते, 'फेस व्हॅल्यू' ठाऊक नसते. लाभांश माहीत, 'डिव्हिडंड' नाही. गणित येते पण प्रश्न कळत नाही, अशी ही अवस्था आहे. तिला 'गणितात कच्चा' असे नाव देऊन आपण मोकळे होतो.

मागे एक ताई मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीला मॅथ्सची केटी, आणि घरात कॉलेज बंद करण्याची भाषा सुरू झालेली. ताई म्हणाल्या, "दादा, तिला गणित जमतच नाही. आमच्या घरात कोणालाच जमत नाही." या ताई वस्तीतल्या बचत गटाचा हिशेब ठेवतात, हे आम्हाला माहीत होते. आम्ही विचारले, "ताई, गटातून दहा हजार कर्ज दिले, महिना शेकडा दोन व्याज, दर महिन्याला हजार रुपये मुद्दल परत. तर व्याज किती घेता?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पहिल्या महिन्याला दोनशे, मग एकशे ऐंशी, मग एकशे साठ. फेडलेल्या पैशावर व्याज कसे घेणार?"

मुलीच्या पुस्तकात याच गोष्टीला 'रिड्युसिंग बॅलन्स' म्हणतात. केटी लागलेल्या पेपरात त्यावरच उदाहरण होते. आई ते दर महिन्याला सोडवते, आणि मुलगी त्याला घाबरते, कारण दोघींपैकी कोणालाही कोणी सांगितले नव्हते की ते एकच आहे. ताईंच्या पद्धतीने दहा महिन्यांचे एकूण व्याज ११०० रुपये होते. हेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर लावले असते तर २००० रुपये झाले असते.

आणि बाहेर नेमके तेच लावले जाते. गाडी, मोबाईल, लग्न, आजारपण, कशासाठीही कर्ज घ्यायला जा. दुकानात बसलेला पोरगा सांगतो, "फक्त बारा टक्के." तो 'फ्लॅट' हा शब्द हळू आवाजात म्हणतो किंवा म्हणतच नाही. समजा एक लाख रुपये दोन वर्षांसाठी घेतले. फ्लॅट बारा टक्के म्हणजे वर्षाला बारा हजार, दोन वर्षांचे चोवीस हजार व्याज. एक लाख चोवीस हजार भागिले चोवीस, म्हणजे हप्ता सुमारे ५१६७ रुपये. ऐकायला सरळ वाटते. पण वर्षभरात जवळपास निम्मे मुद्दल आपण फेडलेले असते, तरी व्याज पूर्ण लाखावर चालूच राहते.

आता हेच कर्ज उरलेल्या मुद्दलावर बारा टक्क्यांनी घेतले तर काय होईल? पहिल्या महिन्याचे व्याज १००० रुपये. हप्ता येतो सुमारे ४७०७ रुपये. त्यातून हजार व्याजात गेले, ३७०७ मुद्दलात जमा झाले. दुसऱ्या महिन्याला व्याज उरलेल्या ९६,२९३ रुपयांवरच, म्हणजे सुमारे ९६३. असे करत दोन वर्षांत एकूण व्याज तेरा हजारांच्या आत बसते. चोवीस हजार कुठे आणि तेरा हजार कुठे! फ्लॅट बारा टक्के म्हणून घेतलेल्या त्या कर्जाचा खरा दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. अकरा हजारांचा हा फरक म्हणजे आपल्या कित्येक घरांत एका माणसाचा महिन्याचा पगार आहे. आम्ही कारकुनी करतो, आकड्यांत दिवस जातो, तरी हा फरक लिहिताना हात थांबतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व फायनान्स कंपन्यांनी असे नवे कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायचा आहे, आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात 'एपीआर' म्हणजे सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि हप्त्यांचा तक्ताही असतो. सही करण्याआधी हा कागद मागून घ्यावा. पण तो वाचणार कोण? घरात एफ.वाय.चे गणित शिकलेले एक मूल असेल, तर तेच.

महागाई भत्त्याचेही असेच. गिरणी, गोदी, रेल्वे, महापालिका यांत आयुष्य घालवलेल्या आपल्या माणसांना 'डी.ए. वाढला' एवढे कळत आले. तो ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो, त्याचे आधारवर्ष आधी २००१ होते. सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून ते २०१६ झाले. त्यामुळे नवा आकडा जुन्याशी ताडून पाहायचा तर २.८८ ने गुणावे लागते. हे समजले नाही तर निर्देशांक एकदम खाली आला असेच वाटेल. युनियनच्या बैठकीत हे समजावून सांगणारा आपल्यातला असावा, की साहेबाने सांगितले ते खरे मानावे?

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे कॉमर्सच्याच कॉलेजात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. कॉमर्स आपल्या पोरांसाठी नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढे सांगितले तरी पुरे.

आता अभ्यासाचे. केटी लागलेल्या मुलाने एकदम कॉलेजचे जाड पुस्तक उघडू नये. बालभारतीची शाळेची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे, त्यात जी.एस.टी., शेअर, दलाली, म्युच्युअल फंड सगळे मराठीत दिले आहे. ते आधी सोडवावे, आणि प्रत्येक मराठी शब्दासमोर वहीत त्याचा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवावा. दोन आठवड्यांत कॉलेजच्या पुस्तकातली ही प्रकरणे ओळखीची वाटू लागतात. आईवडिलांनी संध्याकाळी टी.व्ही.चा आवाज तेवढा कमी करावा.

'डेरिव्हेटिव्ह'चे प्रकरण मात्र घरच्या हिशेबात कुठे सापडत नाही. ते कॉलेजातल्या सरांकडूनच शिकावे, आणि कळले नाही तर वर्ग सुटल्यावर थांबून, मराठीत का होईना, पुन्हा विचारावे.