आधी संशय कोणावर?

वाचकहो, रहस्यकथा म्हटली की आपल्याकडची वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. "अभ्यास सोडून हे काय वाचता?" असे आम्हीही घरच्या मुलांना बोललो आहोत. पण या वेळी एका खुनाच्या कादंबरीचीच शिफारस करीत आहोत. जॉन बॉल यांची 'इन द हीट ऑफ द नाइट' ही कादंबरी अमेरिकेत १९६५ साली निघाली.

वेल्स हे अमेरिकेच्या दक्षिण भागातले, गरिबीने खंगलेले छोटे गाव. संगीत महोत्सव भरवावा, बाहेरचे लोक यावेत, चार पैसे गावात खेळावेत, ही गावाची आशा. त्याच महोत्सवाच्या संगीत संचालकाचे प्रेत एका रात्री रस्त्यावर सापडते. पोलीस संशयित शोधू लागतात. रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहत एक अनोळखी काळा माणूस बसलेला असतो. त्याच्या पाकिटात बऱ्यापैकी पैसे. झाले, धरला त्याला! चौकीत गेल्यावर कळते की हा व्हर्जिल टिब्ज, कॅलिफोर्नियातील पासाडेना शहराचा पोलीस आणि खुनाच्या तपासात तरबेज.

गावच्या पोलीसप्रमुखाला असल्या तपासाचा अनुभव नाही, म्हणून टिब्जला ठेवून घेतात. त्यातही कारभाऱ्यांचा हिशोब असा की, खुनी सापडला तर नाव गावाचे, नाही सापडला तर दोष काळ्याचा. हे वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटले. टिपण आम्ही लिहायचे, शाबासकी साहेबाला. चूक निघाली की मेमो आम्हाला. कचेरी असो की कारखाना, हा हिशोब आपल्यापैकी कोणाला नवा आहे?

टिब्ज मात्र आपले काम करीत राहतो. मृताचे पाकीट सापडले म्हणून पोलिसांनी एका गोऱ्या तरुणाला पकडलेले असते. हा तरुण डावखुरा आहे आणि घाव उजव्या हाताचा आहे, हे टिब्ज दाखवून देतो. जे गाव त्याला खानावळीत शेजारी बसू देत नाही, त्याच गावातला एक निरपराध तो वाचवतो. संशय कातडी पाहून घ्यायचा नसतो, पुरावा पाहून घ्यायचा असतो, हे तो भाषण न करता शिकवतो.

लेखक गोरे होते. टिब्जचा संयम आम्हाला जागोजागी जास्त वाटला. आमच्या मुलीला तर रागच आला. त्या रागावरही घरात बोलणे व्हावे. या कथेवरच्या १९६७ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण आधी पुस्तक वाचा. इंग्रजी सोपे आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी रोज जेवणानंतर चार पाने मराठीत सांगावीत, आई-आजीने ऐकावीत.

खुनी कोण, ते मात्र आम्ही सांगणार नाही!