धावणाऱ्यांसाठी थांबलेली माणसं

पहाटे साडेपाचला मैदानावर सगळ्यात आधी कोण येतं? धावपटू, असं कोणीही सांगेल. पण ते खरं नसतं. सगळ्यात आधी येतो फाटकाची किल्ली ज्याच्या कनवटीला असते तो. कुठे तो निवृत्त पोस्टमास्तर असतो, कुठे शाळेतल्या पी. टी.च्या बाई, तर कुठे एखादा शिंपी, ज्याची मुलगी दहा वर्षांपूर्वी जिल्हा स्पर्धेत धावली होती आणि आता सासरी नांदते आहे. मुलगी गेली, पण बापाचं मैदानावर येणं सुटलं नाही. फाटक उघडायचं, रात्री कोणी फोडलेल्या बाटल्यांच्या काचा वेचायच्या, धूळ बसावी म्हणून पाणी मारायचं आणि मुलं आली की हातात स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. पगार नाही, मानधन नाही. बक्षीस समारंभाच्या फोटोत ही माणसं दिसलीच तर कोपऱ्यात आणि बहुधा पाठमोरी.

आपल्याकडे पदकाची बातमी येते तेव्हा धावपटूचं नाव येतं, प्रशिक्षकाचं येतं, कधी आईवडिलांचंही येतं. ज्यांनी तो ट्रॅक पळण्याजोगा राखला त्यांचं नाव सहसा येत नाही. पण ही माणसं नसतील तर गावात गुणी मुलं कितीही असोत, ती पळणार कुठे?

चार मिनिटांचा मैल आणि उभे असलेले लोक

६ मे १९५४ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर या तरुणाने एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर, अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केलं. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला माणूस. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचली. तिच्या मागची गोष्ट तेवढी पोहोचली नाही.

त्या मैदानावरचा जुना ट्रॅक खडबडीत होता आणि मापालाही सोयीचा नव्हता. बॅनिस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबचा अध्यक्ष झाला तेव्हा तो बदलून घेण्यासाठी त्याने खटपट केली. १९५० साली नवा ट्रॅक तयार झाला. तोही कोळशाच्या राखेचाच, पण नीट आखलेला. चार वर्षांनी विक्रम झाला तो याच राखेवर. त्या दिवशी वारा इतका होता की शर्यत पुढे ढकलावी असं बॅनिस्टरच्या मनात होतं. जवळच्या चर्चवरचा झेंडा जरा शांत झालेला पाहून तो तयार झाला.

शेवटच्या रेषेजवळ हातात घड्याळ घेऊन वेळ नोंदवणारे अधिकारी उभे होते. त्यांच्यात हॅरॉल्ड अब्राहम्स होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलेला माणूस तीस वर्षांनी दुसऱ्याची वेळ मोजायला उभा राहिला होता! जो धावून थांबला, तो पुढच्यासाठी उभा राहिला. एवढं ज्या गावाला जमलं, तिथलं मैदान सहसा ओस पडत नाही.

माती, मुरूम आणि फक्की

चारशे मीटरचा ट्रॅक म्हणजे नुसती गोल वाट नव्हे. दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं असा तो आखावा लागतो. आतल्या कडेने नव्हे, कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर धरलेल्या रेषेवर पहिल्या लेनचं अंतर मोजतात. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, त्यामुळे चारशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या मुलीला पुढून सुरुवात द्यावी लागते. दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर आणि आठव्या लेनला जवळजवळ ५३ मीटर. पाहणाऱ्याला वाटतं, ही तर आधीच पुढे उभी! पण ही आखणी चुकली तर कोणावर तरी अन्याय होतो आणि तो तिला कळतही नाही.

ही आखणी गावोगावी कोण करतं? खुंटी, दोरी, लोखंडी टेप आणि फक्कीचं घमेलं घेऊन हीच माणसं करतात. मातीच्या ट्रॅकवरची फक्की एका पावसात वाहून जाते. मग पुन्हा दोरी, पुन्हा टेप. पावसाळ्यानंतर गवत उपटायचं, खड्डे मुरुमाने भरायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पाणी कमी पडलं तर धूळ उडते, जास्त झालं तर चिखल. नेमकं किती, हे पुस्तकात सापडत नाही. ते रोज पाणी मारणाऱ्याच्या हाताला कळतं.

हे शहाणपण आपल्या मातीला नवं नाही. तालमीत हौद्याची माती पैलवान स्वतः खणतात. तीत ताक, तेल, हळद मिसळतात, ती उकरून मऊ ठेवतात. नव्या पोराच्या हाती डाव येण्याआधी फावडं येतं. जो मातीत खेळणार, त्यानेच माती राखायची, हा तालमीचा रिवाज. धावण्याच्या मैदानावर मात तो आपण नेला नाही. मैदान ‘सरकारचं’ म्हणून सोडून दिलं आणि मग ते कोणाचंच राहिलं नाही.

यावर हमखास एक उत्तर मिळतं: ‘एकदा सिंथेटिक ट्रॅक झाला की सगळे प्रश्न सुटतील.’ सिंथेटिक ट्रॅक चांगलाच. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून मोठ्या स्पर्धा त्यावरच होतात आणि वर पोहोचायचं तर त्याचा सराव हवाच. पण त्यालाही झाडलोट लागते, त्यावर गाड्या चढू द्यायच्या नसतात आणि दहा-बारा वर्षांत वरचा थर नव्याने करावा लागतो. राखणारी माणसं नसतील तर महागडा ट्रॅकही उखडतो, आणि मातीच्या ट्रॅकसारखा तो फावड्याने दुरुस्त होत नाही.

केनियातल्या इटेन गावाचं उदाहरण बोलकं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या या गावाजवळ कामारिनी नावाचं मैदान. साधा मातीचा ट्रॅक. जगातले नामवंत लांब पल्ल्याचे धावपटू त्या मातीवर सराव करून गेले. २०१० नंतरच्या दशकात तिथे आधुनिक स्टेडियम करायचं ठरलं, जुना ट्रॅक उखडला गेला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. होतं तेही गेलं! नव्याची आशा जरूर धरावी. पण नवं पुरतं उभं राहीपर्यंत जुन्यावर पाणी मारणं थांबवू नये.

घड्याळ धरणारा हात

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खासिंग यांचं ४०० मीटरचं कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकलं. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा यांचं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१ सेकंद आणि उषा यांची ५५.४२. साऱ्या देशाला चटका लावणारे हे आकडे आहेत. तेवढ्या बारीक वेळेची किंमत मुलांना लहानपणी कोण शिकवतं? गावच्या मैदानावर घड्याळ धरणारा.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. शंभर मीटरवरून पिस्तुलाचा आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. म्हणून वेळ घेणाऱ्याने आवाजावर नव्हे, धुरावर घड्याळ सुरू करायचं असतं. पिस्तूल नसेल तिथे दोन लाकडी फळ्या डोक्यावर धरून आपटतात. तेव्हा डोळा फळ्यांवर हवा. तीन घड्याळं असली आणि दोन जुळली तर तीच वेळ खरी. तिन्ही वेगळी आली तर मधली घ्यायची. दोनच घड्याळं असतील आणि जुळत नसतील, तर जास्तीची वेळ धरायची. आपल्या गावच्या मुलीला कमी वेळ द्यावी असा मोह होतो, पण तो तिच्याच मुळावर येतो. इथे खोट्या वेळेने खूश झालेली मुलगी राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडते आणि आपलंच काही चुकलं म्हणून रडते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्या मोजायलाही माणूस लागतो. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या, दहा हजार म्हणजे पंचवीस. शेवटच्या फेरीला घंटा वाजवायची. मोजणारा एकदा गप्पांत रमला की एक फेरी जास्त किंवा कमी होते आणि सगळ्या शर्यतीची माती होते. घरचा हिशेब चोख ठेवणाऱ्या गृहिणी हे काम फार नेटकं करतील. त्यांना कोणी बोलावत नाही, एवढंच.

भिशीसारखी पाळी

अशा मैदानांचा मोठा शत्रू म्हणजे सगळं एकाच माणसाच्या खांद्यावर असणं. पोस्टमास्तर आजारी पडले, फाटक बंद. बाईंची बदली झाली, मैदान बंद. यावरचा एक साधा तोडगा लंडनमध्ये सापडला.

२ ऑक्टोबर २००४ रोजी तिथल्या बुशी पार्क या बागेत पॉल सिंटन-हेविट या दुखापतीमुळे धावू न शकणाऱ्या माणसाने आपल्या मित्रांसाठी पाच किलोमीटरची धाव ठेवली. धावणारे होते १३. वेळ मोजायला स्वतः तो आणि मूठभर मित्र. नंबरासाठी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातल्या लोखंडी वॉशर वापरल्या! फी काही नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. त्यातून ‘पार्करन’ उभं राहिलं. आज वीसहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणी ही धाव स्वयंसेवकांच्या जोरावर होते.

तिथली युक्ती आपल्या भिशीसारखीच आहे. कामाचे लहान लहान तुकडे केलेले: एकाने वेळ घ्यायची, एकाने वळणावर उभं राहायचं, एकाने नावं नोंदवायची. कोणावर कायमचा भार नाही. आज जो धावला, तो पुढे कधीतरी उभा राहतो. एक स्वयंसेवक तर मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे आलेल्यांपैकी कोणीच शेवटचा ठरत नाही. शेवटच्या नंबराच्या लाजेने किती जण धावणं सोडतात, हे ज्याने ओळखलं त्याला माणसं कळली होती.

मुली येणं थांबतं तेव्हा

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ च्या उषा यांच्यानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. बत्तीस वर्षांचं अंतर! माणसारख्या दुष्काळी भागातून अशी मुलगी निघते, तर मग सुपीक गावांतून का निघू नये?

मुली मैदानावर येणं कसं थांबतं, ते पाहायला हवं. मैदान कधी लग्नाला दिलं जातं, कधी सभेला, कधी महिनाभराच्या प्रदर्शनाला. मांडव उठतो, पण खिळे मातीत राहतात. मुलं दुसरीकडे कुठेतरी रस्त्यावर पळतात. मुली घरी बसतात. आई म्हणते, ‘आता परीक्षेनंतर बघू.’ परीक्षेनंतर मुलगी वर्षाने मोठी झालेली असते आणि घरच्यांची काळजी दोन वर्षांनी. दिवा नाही, मुतारी नाही, कपडे बदलायला आडोसा नाही आणि मैदानावर ओळखीची बाई नाही, अशा जागी कुठली आई मुलीला अंधारात पाठवील? तिचं चुकतं असं म्हणता येत नाही. पण रोज सकाळी तिथे दोन बायका बसलेल्या असतील, तर तीच आई निर्धास्तपणे पाठवते. बायकांना धावता यायला हवं असं नाही. नुसतं असणं पुरे असतं.

म्हणून मैदान चालवायचं म्हणजे काय, याचं उत्तर फार अवघड नाही. पाच-सहा घरांनी वार वाटून घ्यावेत. किल्ल्या दोन असाव्यात आणि दोन घरांत असाव्यात. वर्गणीची पावती द्यावी आणि हिशेबाची वही कोणालाही पाहता यावी, कारण पैशाच्या संशयाने जेवढी मंडळं मोडली तेवढी पैशाच्या टंचाईनेही मोडली नसतील. प्रथमोपचाराची पेटी, प्यायचं पाणी आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर फाटकापाशीच असावा. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या शाळेकडून किंवा नगरपालिकेकडून सकाळ-संध्याकाळच्या वेळा लेखी घ्याव्यात. तोंडी परवानगी पहिल्या मांडवाबरोबर उडून जाते.

आणि ज्या मुलांसाठी हे सगळं करायचं, त्यांच्या हातातही आठवड्यातून एकदा फक्कीचं घमेलं द्यावं. त्यांच्यातले बहुतेक ऑलिम्पिकला जाणार नाहीत. नोकरीला लागतील, संसार करतील, पोट सुटेल. पण ज्याने लहानपणी स्वतःच्या हाताने रेघ आखली आहे, तो मोठेपणी त्या मैदानावर गाडी उभी करणार नाही, दुसऱ्यालाही करू देणार नाही. गावाला पदक मिळो न मिळो, असा एक माणूस मिळाला तरी पुढच्या वीस वर्षांची सोय झाली.